देव गावात राहत नाही

रानबाईंचं देवाबद्दल एक ठाम मत होतं. तो गावात राहत नाही. गावात राहतात ते त्याचे एजंट. हे मत त्या चर्चच्या पायरीवर, चपला शोधणाऱ्या मंडळींच्या मधोमध उभ्या राहून, आत पाळकसाहेबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मांडायच्या. कोणी वाद घालायला आलंच तर त्यांना आनंद व्हायचा.

"काढा शास्त्र. मोशेला देव कुठं भेटला? सासऱ्याची मेंढरं चारताना, रानात. एलीया जीव घेऊन पळाला, त्याला भाकर-पाणी कुठं मिळालं? रानात, एका झुडपाखाली. योहान कुठं ओरडत होता? रानात. प्रभू येशूसुद्धा कामाला लागायच्या आधी चाळीस दिवस कुठं जाऊन बसला? आता गावात काय झालं ते सांगा. गावात त्याच्यावर खटला चालला. आणि खिळायलासुद्धा गावाबाहेरच नेलं. आपल्या अंगणात डाग नको असतात गावाला."

एवढं रान त्यांच्या तोंडात असायचं म्हणून त्यांचं नाव रानबाई पडलं. खरं नाव सुशीला, पण ते फक्त पोस्टमनला माहीत होतं.

नळदुर्गकडून अणदूरला जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. गावात ख्रिस्ती घरं ओंजळभर. मिशनच्या काळातलं काळ्या दगडाचं चर्च, त्याच्या मागं रानबाईंचं दोन खोल्यांचं घर, आणि घराच्या मागं माळ. माळ म्हणजे नुसता माळ. कुसळी गवत, तरवड, मधेच एखादी बाभूळ, बाकी सगळे दगड. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या आणि रविवारी आम्हा ख्रिस्ती पोरांची संडेस्कूल घ्यायच्या. लग्न झालं होतं, पण नवरा फार लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल कोणी हळहळलं की म्हणायच्या, "हळहळू नका, चहा घ्या." सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या, कारण माळावर सराटे फार. डोक्यावर पुरुषी काळी छत्री. रोज संध्याकाळी या थाटात माळावर निघायच्या आणि अंधार पडायच्या आत परत यायच्या. गावातली बायामाणसं आधी हसली, मग त्यांना सवय झाली. पुढं पुढं तर बाईंची छत्री माळावर दिसली की लोक चुलीवर तवा टाकायचे.

आमच्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुठं रान म्हटलंय, कुठं अरण्य. एका रविवारी बाईंनी आम्हाला 'प्रभू येशू अरण्यात' असं चित्र काढायला सांगितलं. आम्ही वडाची झाडं काढली, वेली काढल्या, माकडं काढली. मी एक वाघ काढला आणि त्याच्या पाठीवर हात फिरवणारा येशू. बाईंनी सगळी चित्रं बघितली, एक लांब श्वास सोडला आणि छत्री उचलली. भर एप्रिलात, भर दुपारी आम्हाला रांगेनं माळावर नेऊन उभं केलं.

"हे बघा अरण्य."

"झाडं कुठायत बाई?"

"झाडं असती तर सैतान सावलीला झोपला असता. येशूची परीक्षा घ्यायला उन्हात कशाला उठला असता?"

मग त्यांनी पायाजवळचा एक धोंडा उचलला. भाकरीएवढाच होता, तसाच चपटा. "सैतान काय म्हणाला? या धोंड्यांच्या भाकरी कर. येशू नाही म्हणाला. हो म्हणाला असता आणि तशी रीत पडली असती, तर आपल्या एका जिल्ह्यानं सगळ्या जगाला जेवू घातलं असतं." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. धोंडा हातात फिरवत राहिल्या. "भूक लागली होती त्याला. खोटी नव्हती भूक. पण रानात माणसाला कळतं, आपल्याला नक्की काय पाहिजे. गावात दुकानं असतात, त्यामुळं सगळंच पाहिजे असतं."

आम्हाला त्या वेळी फक्त सावली पाहिजे होती.

पण खरी फजिती झाली ती हागारच्या गोष्टीत. हागार ही अब्राहामच्या घरची दासी. त्याच्या बायकोला, साराला, मूल होईना म्हणून तिनंच नवऱ्याला दिलेली, आणि पुढं साराला स्वतःचं मूल झाल्यावर पोरासकट घराबाहेर काढलेली. गोष्ट मोठी दुःखाची आहे. पण हागार हे नाव मराठी पोरांसमोर उच्चारणं हेच मुळात धाडस. वर्ग आधीच खुसखुसत होता, त्यात बाईंनी वाक्य टाकलं, "मग हागार रानात गेली." आमच्या गावात तेव्हा घरोघरी संडास नव्हते. रानात जाणं याचा अर्थ एकच होता. मागून कोणीतरी विचारलं, "टमरेल घेऊन?"

वर्ग कोसळला. दुसरी कुठली बाई असती तर छडी निघाली असती. रानबाईंनी आम्हाला पोटभर हसू दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "व्हय. टमरेल घेऊन. आणि टमरेलातलं पाणी संपलं. ऊन लई, पोर तहानेनं मरायला टेकलेलं, आणि हाकेच्या अंतरावर कुणी न्हाय. आता हसा."

कोणी हसलं नाही. बाईंना अशी वेळ साधता यायची.

अब्राहामवर त्यांचा विशेष राग होता. चर्चमध्ये त्याचं नाव निघालं की पुरुषमंडळी अभिमानानं माना डोलवायची, आणि बायकांच्या बाजूनं बाईंचा आवाज यायचा, "विश्वासणाऱ्यांचा बाप असेल. नवरा म्हणून बेकार. एवढे उंट, एवढी गाढवं, आणि लेकराच्या आईला निरोप देताना काय दिलं? भाकर आणि पाण्याची पखाल. एक गाढव द्यायला काय झालं होतं?"

देवाची बाजू त्या घ्यायच्या नाहीत असं नाही, पण ती भलत्याच ठिकाणी घ्यायच्या. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा त्यांची नेमणूक सास्तूरच्या बाजूला होती. मी तेव्हा अगदी लहान, पण हा किस्सा आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायची, शेजारच्या शेडमध्ये माणसं राहायची. एक दिवस बाहेरगावचे कोणी प्रचारक भोंगा घेऊन आले आणि सांगायला लागले की ही पापाची शिक्षा आहे, शहाणे व्हा, पश्चात्ताप करा. ज्यांच्या घरातली माणसं ढिगाऱ्याखाली गेली होती ती खाली माना घालून ऐकत होती. बाई खडूचे हात झटकत बाहेर आल्या.

"एक शंका आहे," त्या म्हणाल्या. "देवाला पाप्यांची घरं पाडायची होती, तर त्यानं गरिबांची दगडमातीची का पाडली? पाप्यांची बघायची असती तर आधी सिमेंटची पाडली असती."

प्रचारक पुढच्या एसटीनं गेले. भोंगा विसरून गेले, तो बाईंनी शाळेच्या कवायतीला वापरला. त्या शेडमधली एक म्हातारी भूकंपानंतर पहिल्यांदा हसली, असं सांगतात. खरं-खोटं त्या म्हातारीला माहीत.

गावात बाईंची खरी दोस्ती सिद्धाप्पा दुकानदाराशी. सिद्धाप्पा लिंगायत, गळ्यात लिंग, घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि बाईंशी भांडताना दोन्ही. अणदूरचा खंडोबा काही महिने अणदूरला असतो आणि काही महिने नळदुर्गला. देव निघाले की सिद्धाप्पा बाईंना डिवचायचा. "बाई, आमचा देव फिरतोय बघा. तुमचा एकाच चर्चमधी बसून कंटाळत न्हाय का?"

"आमचाबी आधी फिरताच होता सिद्धाप्पा. तंबूत राहायचा. मंडळी रानातून चालली होती ना मिसरातल्या गुलामीतून सुटून, त्यांच्या बरोबर चाळीस वर्षं हिंडला. मंडळी उठली की त्याचा तंबू उठायचा. मग पुढं एका राजाला वाटलं, देवाला पक्कं घर बांधून द्यावं."

"मग?"

"मग काय! घर म्हटलं की कमिटी आली, कमिटी म्हटलं की भांडण आलं. देव बिचारा तंबूतच सुखी होता."

हे सगळं मी ऐकलं, त्यावर हसले आणि लग्न करून लातूरला निघून गेले. शास्त्रातलं रान हे चित्रकलेच्या वहीत आणि रानबाईंच्या तोंडात असतं, आपल्या वाट्याला ते येत नाही, अशी माझी समजूत होती.

मुलगी झाली. सासूबाईंनी हौसेनं तिचं नाव सारा ठेवलं. त्यानंतर नवऱ्याचं घरी येणं हळूहळू कमी झालं. त्याचं मन दुसरीकडं लागलंय हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं, मग मलाही झालं. मी बोलले, तेव्हा सासूबाईंनी मला समजूतदारपणे एसटीत बसवून दिलं. "चार दिवस माहेरी राहून ये. डोकं शांत होईल." वाटेत खायला डब्यात पोळ्या दिल्या आणि पाण्याची बाटली दिली. चार दिवसांचे चार महिने झाले, कोणी न्यायला आलं नाही. फोन लावला की 'सध्या व्यस्त आहे' असं एक बाई सांगायची, आणि ती मोबाइल कंपनीचीच असावी अशी मी प्रार्थना करायचे.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. टँकर आला की गाव धावायचं. आमच्या चर्चला त्याच वर्षी नवे पाळकसाहेब आले होते. वयानं माझ्याएवढे, पुण्यात शिकलेले, गिटार वाजवणारे, मनानं चांगले. पण आल्या आल्या त्यांनी कोरड्या भूमीवर प्रवचन केलं. रान म्हणजे देवापासून दूर गेलेलं मन, सुकलेली जमीन म्हणजे अविश्वासाचं फळ, आपण वळलो तर आशीर्वादाचा पाऊस पडेल, असं सगळं. लोक मान हलवत होते. बायकांच्या बाजूनं हात वर झाला. प्रवचनात हात वर करायची आमच्याकडं पद्धत नाही.

"पाळकसाहेब, कोरडं रान जर शिक्षा असेल, तर धरणाकाठच्या ऊसवाल्यांवर देवाची भलतीच मर्जी दिसते. त्यातले निम्मे तर दिवसाच पिऊन पडलेले असतात."

पाळकसाहेबांनी गाणं सुरू केलं.

माझे पप्पा चर्चच्या कमिटीवर होते. पोरगी माहेरी येऊन बसलीय, ही गोष्ट त्यांना टँकरच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा जड जात होती. ते वाईट नव्हते. रोज सकाळी साराला खांद्यावर घेऊन हिंडायचे आणि परत आले की मला विचारायचे, "मग काय ठरवलंस, कृपे?" जसं काही ठरवायचं माझ्या हातात होतं. शेवटी त्यांनी पाळकसाहेबांना घरी बोलावलं. रानबाई त्या दिवशी आमच्याकडं आलेल्याच होत्या. साराला मांडीवर घेऊन चहात बुडवलेलं बिस्कीट भरवत बसल्या होत्या.

पाळकसाहेब हळू आवाजात बोलले. "कृपाताई, हागारसुद्धा घर सोडून रानात पळाली होती. तिला देवाच्या दूतानं काय सांगितलं? परत जा. आपल्या धनिणीच्या हाताखाली राहा. कधी कधी नम्रतेतच आशीर्वाद असतो. मी स्वतः तुमच्याबरोबर लातूरला येतो."

पप्पांनी सुटकेचा श्वास सोडला. आईनं पदर डोळ्यांना लावला. मी फरशीकडं बघत होते.

"पाळकसाहेब," बाई म्हणाल्या, "तुमच्या शास्त्राची पुढची पानं फाटलीत का?"

"म्हणजे?"

"हागार दोनदा रानात गेली. पहिल्यांदा पोटुशी असताना स्वतः पळाली, तेव्हा देवानं परत पाठवली. गेली बिचारी. वर्षं काढली. मग त्याच घरातून तिला पोरासकट हाकलली. दुसऱ्यांदा रानात देव भेटला, तेव्हा परत जा म्हणाला का?"

पाळकसाहेब शास्त्राची पानं चाळायला लागले.

"नाही म्हणाला. विहीर दाखवली. आणि ती काही त्यानं नवी खणली नव्हती. तिथंच होती. रडून रडून हिला दिसत नव्हती, एवढंच. पहिल्यांदा परत पाठवून काय झालं, ते देवानं बघितलं होतं. देवसुद्धा शिकतो, पाळकसाहेब. कमिटीनं शिकायला काय हरकत आहे?"

"बाई!" पप्पा म्हणाले. "देव शिकतो, हे काय बोलणं झालं?"

"मग तुम्हाला अडाणी देव पाहिजे का?"

मला हसू आलं. किती तरी महिन्यांनी आलं. पण पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि मग ते जे बोलले ते मी आजही विसरलेले नाही.

"बाई, तुम्हाला रानाचं कौतुक आहे, कारण संध्याकाळी परत यायला तुम्हाला घर आहे. हागारला नव्हतं. कृपाताईंना नाही. माहेरच्यांना त्या जड झाल्यात, हे त्यांनाही दिसतंय. परत जाऊ नको म्हणणं सोपं आहे. मग राहायचं कुठं, तेही सांगा ना."

  बाईंनी साराचं तोंड पुसलं, तिला माझ्याकडं दिलं, ओसरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधल्या, दोनदा बांधल्या, आणि निघून गेल्या. पप्पा म्हणाले, "बरं झालं, कुणीतरी बोललं." मला मात्र वाटलं, आपल्या बाजूनं बोलणारं एकच माणूस होतं, तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धाप्पाचा टेम्पो आमच्या दारात येऊन हॉर्न वाजवायला लागला. पुढच्या सीटवर बाई, मांडीवर छत्री.

"पाळकसाहेब बरोबर बोलले," त्या म्हणाल्या. "सामान टाक."

माझं सामान म्हणजे एक बॅग. आणि बाईंचं घर आमच्या दारातून दिसतं. "बाई, टेम्पो कशाला?"

"गावाला दिसायला पाहिजे."

टेम्पो एका बॅगेसाठी सगळ्या गावाला वळसा घालून चर्चच्या मागं गेला. सिद्धाप्पा प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत होता, वाटेत माणूस असो-नसो. चर्चच्या दारात पाळकसाहेब उभे होते. बाईंनी टेम्पो थांबवायला लावला. मला वाटलं आता जुंपणार. बाई खिडकीतून म्हणाल्या, "तुमचे उपकार झाले. एवढी वर्षं माळावर नुसती हवा खात होते."  पाळकसाहेबांनी पुढं होऊन माझी बॅग उतरवली आणि मागं बाईंच्या घरात नेऊन ठेवली. मी साराला घेऊन उंबऱ्यावर उभी होते, तर बाई आमच्याकडं बघत म्हणाल्या, "हागारच्या कडेवर सारा! शास्त्र उलटंच केलंस की पोरी."

त्यांच्याकडं मी सुखात राहिले असं म्हणणार नाही. पहिले काही आठवडे मी नुसती पडून असायचे. एक दिवस मीच म्हटलं, मला माळावर न्या. मला वाटलं, तिथं काहीतरी होईल, मोशेच्या वेळी पेटलं तसं झुडूप पेटेल, निदान बाई काहीतरी मोठं बोलतील. आम्ही गेलो. वारा होता, कुसळं साडीला चिकटत होती. मी एका दगडावर बसून हमसून हमसून रडले. बाईंनी मला जवळ घेतलं नाही. छत्री फक्त माझ्या डोक्यावर धरली.

"इथं काहीच नाही," मी म्हटलं.

"मग मी तुला कधी सांगितलं होतं, इथं काही आहे म्हणून? रानात तहान आहे, साप आहेत. शास्त्रात रानात गेलेलं एकही माणूस तिथं राहायला गेलेलं नाही, कृपे. सगळी पार व्हायला गेली. काहींना चाळीस दिवस लागले, काहींना चाळीस वर्षं, ती आपापली चाल. पण बसून राहिलं ते मेलं. ऊठ."

मी उठले. त्यात श्रद्धेपेक्षा मुंग्यांचा हात जास्त होता, कारण त्या दगडाखाली त्यांचं वारूळ होतं. पण उठले ते उठले. बाईंनी मला सोलापूरला नर्सिंगच्या कोर्सला घातलं. आठवडाभर मी तिकडं, सारा बाईंकडं. साराचं पहिलं पूर्ण वाक्य मी फोनवर ऐकलं. ते "चहा घ्या" असं होतं. दुसरं वाक्य सिद्धाप्पाच्या टेम्पोबद्दल होतं आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कोर्स संपून मला आरोग्य उपकेंद्रात नोकरी लागली, आणि मग लातूरची मंडळी न्यायला आली. नवरा आणि त्याचे दोन काका. दुसरीकडचं मोडलं होतं. पाळकसाहेबांना मध्यस्थीला बोलावून आणलं होतं, पप्पाही आले होते. सगळे बाईंच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीनं बसले. थोरल्या काकांनी क्षमेवर बरंच सांगितलं. नवरा साराकडं बघत होता आणि सारा त्याच्याकडं पाहुण्याकडं बघावं तसं बघत होती. मला त्याची दया आली, हे खरं आहे. मी बाईंकडं बघितलं. आता काढतील शास्त्र, आता अब्राहामला धुतील. बाई सुपारी कातरत बसल्या होत्या. 

तेव्हा मलाच बोलावं लागलं. "मी राग सोडलाय," मी म्हटलं. "पण येणार नाही. साराला भेटायचं असेल तेव्हा या. दार उघडं आहे." 

काकांनी पाळकसाहेबांकडं बघितलं. "साहेब, तुम्ही काहीतरी सांगा."

पाळकसाहेब म्हणाले, "ताईंनी सांगितलं ना. चहा घ्या."

सगळे गेल्यावर मी बाईंना विचारलं, "आज का नाही बोललात?"

"दातात सुपारी अडकली होती," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेबांची पुढं सोलापूरला बदली झाली. पण इकडं आले की ते पहिल्यांदा बाईंकडं यायचे, शिव्या खायचे आणि खूश होऊन जायचे. बाई थकत गेल्या. पायाला सूज यायला लागली, दम लागायला लागला. बूट चढेनात, तेव्हा माळ बंद झाला. गेल्या वर्षी सोलापूरच्या डॉक्टरांनी हृदयाचा फोटो बघून मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, तुम्ही नर्स आहात, तुम्हाला कळतंय. मी बाईंना घरी आणलं. मागच्या दाराशी खाट लावायला निघाले. "माळाकडं तोंड करून झोपा," म्हटलं.

"नको. ऊन येतं तिकडून."

त्या दिवसांत एकदा दुपारी पाय चोळून देता देता मी विचारलं, "बाई, इतकी वर्षं रोज माळावर गेलात. कधी काही ऐकू आलं?"

"नाही."

"कधीच नाही?"

"एकदा वाटलं होतं. टिटवी होती."

मी हसले. मग त्यांच्याकडं बघितलं तर त्या चेष्टा करत नव्हत्या. माझा हात थांबला. अख्ख्या गावाला देवाचा ठावठिकाणा सांगणाऱ्या बाईंना तो एकदाही भेटला नव्हता.

"मग जात कशाला होतात?"

 "तिथं तो गप्प बसलाय, हे तरी ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "गावात भोंगे, डीजे, तुमच्या पाळकसाहेबांची गिटार. तो गप्प आहे, एवढंसुद्धा गावात कळत नाही. माणूस आपलाच आवाज ऐकतो आणि म्हणतो, देव बोलला." मग म्हणाल्या, "चोळ की. थांबलीस कशाला?"

त्या गेल्या तेव्हा चर्चमध्ये मावणार नाहीत एवढी माणसं आली. सिद्धाप्पानं दुकान बंद ठेवलं आणि कबरस्तानात एका बाजूला, चपला काढून उभा राहिला. पप्पांनी शेवटची माती टाकली. सारा आता मोठी झालीय, तिनं गाणं म्हटलं. मी रडले नाही. मला आदल्या दुपारचंच आठवत होतं.

त्या दुपारी पाळकसाहेब सोलापूरहून बाईंना बघायला आले होते. बाईंना बोलायला दम पुरत नव्हता. खाटेजवळ स्टूल ओढून त्यांनी शास्त्र उघडलं आणि विचारलं, "प्रार्थना करू का, बाई?"

"तुम्ही नको," बाई म्हणाल्या. "तुम्ही नोकरीत आहात." मग थांबून, श्वास घेऊन, "कृपे, तू कर."

लातूरहून आल्यापासून मी चारचौघांत कधी प्रार्थना केली नव्हती. चर्चमध्ये मान खाली घालायचे, ओठ हलवायचे, एवढंच. मी पाळकसाहेबांकडं बघितलं. त्यांनी शास्त्र मिटलं आणि डोळेही मिटले. मी बाईंचा हात धरला. नाडी लागत होती, सवयीनं तीच बघत होते.

"देवा," मी म्हटलं, आणि पुढं काही सुचेना. मग म्हटलं, "देवा, बाई यायला निघाल्यात. यांनी तुला फार छळलं. तूही काही कमी केलं नाहीस. आता समोरासमोर बसा आणि काय ते मिटवून घ्या." पाळकसाहेबांचा खोकल्यासारखा आवाज आला. मला वाटलं आता थांबावं, पण थांबता येईना. बंधारा फुटावा तसं एकेक येत गेलं. साराची परीक्षा, आईचे गुडघे, सिद्धाप्पाची साखर, पाऊस, उपकेंद्रात येणाऱ्या पोरी, ज्यांना मी रोज औषध देते आणि ज्यांना औषधाची गरजच नसते, लातूरचा तो माणूस, त्यालाही सुखात ठेव, त्याच्या आईलाही. आणि मला बाईंशिवाय कसं राहायचं ते सांग, मोठ्यानं सांग, मला बारीक आवाज कळत नाही. माझं नाक वाहत होतं. कधीतरी मी आमेन म्हटलं.

बाईंचे डोळे मिटलेले होते. हाताची पकड सैल झाली होती. मला वाटलं, झोपल्या.

"बरी होती," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "जरा लांबली."